पत्ता तर हातात होता!

मैत्रिणींनो, तुमच्या घरी पहिल्यांदाच येणाऱ्या पाहुण्याला तुम्ही पत्ता कसा सांगता? थांबा, मीच सांगते. ‘स्टँडवरून सरळ या, मारुतीचं देऊळ लागेल. तिथून आत वळा. पिठाची गिरणी सोडली की निळ्या फाटकाचं घर. आणि नाहीच सापडलं तर गिरणीवाल्याला विचारा, तो सांगेल.’ घर नंबर, प्लॉट नंबर, सर्व्हे नंबर हे सगळं लग्नपत्रिकेवर आणि विजेच्या बिलावर. जुना पोस्टमनसुद्धा ते वाचायच्या भानगडीत पडत नाही, तो आडनाव वाचतो.

आपल्या या सवयीला शिकलेली माणसं हसतात. परदेशात बघा कसं, रस्त्याला नाव, घराला नंबर, लहान मूलसुद्धा बिनचूक पोचेल! मीही हे पुष्कळ वेळा ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं. टोकियोला जाईपर्यंत.

कारण टोकियोतल्या बहुतेक रस्त्यांना नावच नाही! मोठ्या हमरस्त्यांना आहे, पण घरं असतात त्या गल्ल्याबोळांना नाही. पत्त्यात रस्ता येतच नाही. आधी वस्तीचं नाव, मग तीन आकडे. पहिला आकडा ‘चोमे’चा, म्हणजे वस्तीचा एक तुकडा. दुसरा ‘बान’चा, म्हणजे चारी बाजूंनी गल्ल्या असलेला घरांचा एक पुंजका. तिसरा ‘गो’चा, म्हणजे त्या पुंजक्याला बाहेरून वळसा घालत मोजत गेलं की येणारं दार. म्हणजे समजा, एका घराचा आकडा दोन आहे आणि दुसऱ्याचा अठरा, तर ती शेजारी शेजारीही असू शकतात, कारण मोजणी एका कोपऱ्यापासून सुरू होऊन फिरून तिथंच संपते. हीदेखील सुधारलेली पद्धत बरं का! १९६२ साली कायदा झाला आणि हळूहळू ती लागू झाली. त्याआधी जमिनीची नोंद ज्या क्रमानं झाली तोच तिचा आकडा. एकाचे पुढे दोन तुकडे झाले, दोनाचे चार झाले की आकड्यांचा नुसता काला. काही वस्त्यांत अजूनही जुनेच आकडे चालतात.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पुण्यात सत्तरच्या दशकातच जपानीचे वर्ग सुरू झाले होते आणि त्यांतल्याच एका वर्गात मी शिकले, मग शिकवू लागले. १९८३ साली जपानी सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, दीड वर्षासाठी. तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. ह्यांची ना नव्हती, पण घरात जो काही खल झाला तो काय सांगू! मामेसासरे तर दिवाणखान्यात सगळ्यांदेखत म्हणाले, “लग्न झालेली मुलगी एकटी परदेशी धाडता? उद्या काही झालं म्हणजे तोंड कुणाला दाखवणार?” सगळे गप्प. सासूबाई आतून चहाचा ट्रे घेऊन आल्या, तो खाली ठेवला आणि म्हणाल्या, “ती जाईल. मी जबाबदार.” एवढंच. पुन्हा आत गेल्या. मला मात्र त्यांनी नंतर स्वयंपाकघरात एकच अट घातली, “रात्री-अपरात्री एकटी बाहेर राहायचं नाही.” मी हो म्हटलं. त्या वेळी ते अगदी सोपं वाटलं होतं.

ऑक्टोबरात गेले. पहिले दोन-अडीच महिने विद्यार्थिनींच्या वसतिगृहात काढले आणि डिसेंबरच्या मध्याला एका विधवा आजींच्या घरी खोली मिळाली. मी त्यांना ‘ओबासान’ म्हणत असे, म्हणजे मावशी, काकू, जे म्हणाल ते. त्या वर्षी जपानभर ‘ओशिन’ या मालिकेचं वेड होतं. सकाळी सव्वाआठला ओबासान टीव्हीपुढे बसल्या की भूकंप झाला तरी उठायच्या नाहीत. दुःखं सोसणारी गरीब मुलगी, खाष्ट सासू... मला जपानी भाषा जरा कमी समजली तरी कथा पूर्ण समजत असे!

हे घर होतं सेतागाया नावाच्या वॉर्डात, गोतोकुजी स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर. शिंजुकू हे टोकियोतलं प्रचंड गर्दीचं स्टेशन. तिथून ओदाक्यू लाइनच्या साध्या गाडीनं पंधरा-वीस मिनिटांत गोतोकुजी येतं. सेतागाया म्हणजे पूर्वीची शेतं. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर शहरातली माणसं इकडे राहायला आली आणि शेतांच्या बांधांवरून, पांदीतून जशा वाटा होत्या तशाच त्यांच्या गल्ल्या झाल्या. कुणी दोरी लावून रस्ते आखले नाहीत. वाट वळते, चिंचोळी होते, मध्येच कुणाच्या तरी कुंपणाशी संपते. सेतागायात शिरलेला टॅक्सीवाला बाहेर पडला तर नशीब, असा विनोद तिथले लोक आपणहून करतात.

आता मी घरी कशी जायची ते ऐका. स्टेशनाबाहेर दुकानांची गल्ली. भाजीवाल्याकडे संत्र्यांची खोकी रचलेली, तिथं डावीकडे. मग तोफूवाला, दारात पाण्याचं लाकडी पिंप. पुढं न्हाव्याच्या दुकानाबाहेर फिरणारा लाल-निळा-पांढरा खांब, तिथं उजवीकडे. मग तंबाखूचं छोटं दुकान. तिथं एक म्हातारी बसते आणि खिडकीपाशी लाल रंगाचा सार्वजनिक टेलिफोन असतो. तिथून तिसऱ्या बोळात आमचं घर. दारात बुटकी कुंडी, तिच्यात नंदिना. झालं. दिवसातून दोनदा, असे बारा दिवस मी अगदी डोळे मिटून गेले-आले.

२८ डिसेंबरला आमच्या शिक्षकांनी सर्व परदेशी विद्यार्थ्यांना ‘बोनेन-काई’साठी बोलावलं. सरतं वर्ष विसरण्यासाठी एकत्र जेवायचं, असा तो प्रकार. ओबासानला सांगितलं होतं, दहापर्यंत येईन. पण जेवण लांबलं, शिक्षक बोलत होते, मध्येच उठणं तिथल्या रीतीत बसत नाही. गोतोकुजीला उतरले तेव्हा स्टेशनच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.

बाहेर आले आणि थबकलेच. दुकानांची गल्ली गायब! म्हणजे गल्ली होती, पण सगळी शटरं खाली ओढलेली. करड्या पत्र्यांच्या दोन रांगा, एकसारख्या. संत्र्यांची खोकी आत, तोफूवाल्याचं पिंप आत. न्हाव्याचा खांब विझलेला, अंधारात तो कुठला आणि पागोळीचा नळ कुठला! लाल टेलिफोन दिसला की ओबासानना फोन करावा असं मनाशी म्हणत होते, तर तो टेलिफोनही दुकानदार रात्री उचलून आत ठेवत, हे मला त्या रात्री कळलं. त्यातून २८ तारीख. जपानी लोक नव्या वर्षासाठी दाराला गवताच्या दोरीची तोरणं आणि पाइनच्या फांद्या बांधतात. एकोणतीस अशुभ मानतात, कारण नऊच्या उच्चारात ‘दुःख’ ऐकू येतं. म्हणून त्या दिवशी संध्याकाळी घरोघर तोरणं चढली होती. सकाळी ओळखीची असलेली सगळी दारं नवी दिसत होती.

तरी चालू लागले. पत्ता तर हातात होता! ओबासाननं सुवाच्य अक्षरात लिहून दिलेला कागद. कोपऱ्याकोपऱ्यावर, विजेच्या खांबांवर आकड्यांच्या पट्ट्या लावलेल्या असतात, त्या मला वाचता येत होत्या. चौदा. पंधरा. म्हटलं, छान! पुढच्या वळणावर एकदम एकतीस. मागे फिरले तर बावीस. आकडे हरवले नव्हते, ते आपल्या जागी होते. त्यांचा क्रम आकाशातून बघणाऱ्याला दिसला असता, खालून चालणाऱ्या बाईला दिसत नव्हता.

कान देऊन ऐकलं. रेल्वे फाटकाची घंटा वाजत होती, कान-कान-कान. रूळ सापडले तर स्टेशन सापडेल, स्टेशन सापडलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजता येईल. घंटेच्या दिशेनं निघाले. पण गोतोकुजीला दोन रूळ जवळ येतात, एक मोठ्या गाडीचा आणि एक सेतागायाच्या छोट्या ट्रामचा. एक घंटा डावीकडे वाजली, ती थांबते न थांबते तोच दुसरी उजवीकडे. (पुढे २००० नंतरच्या काही वर्षांत मोठी लाइन तिथं पुलावर चढवली आणि तिची फाटकं गेली. ट्राम अजून जमिनीवरूनच जाते.) मी ज्या रुळांपाशी पोचले ते ट्रामचे निघाले. स्टेशन नाही, माणूस नाही. साडीवर लोकरी कोट, पायात मोजे आणि बूट, हाताची बोटं गारठून बधिर. सव्वाअकरा वाजून गेले होते.

आणि मग मागून पावलं ऐकू आली. सूट घातलेला एक मनुष्य, टाय सैल, झोकांड्या खात, गुणगुणत येत होता. त्या आठवड्यात टोकियोभर बोनेन-काया चालतात, तेव्हा असे पुष्कळ दिसतात. मला बघून तो थांबला आणि काहीतरी म्हणाला. बहुधा ‘ठीक आहे ना?’ असंच म्हणाला असावा. पण तेवढं ऐकायला मी उभी राहिले तर ना! समोर जो बोळ दिसला त्यात शिरले आणि झपझप चालत सुटले.

तुम्ही म्हणाल, जपान तर सुरक्षित देश! हो, आहे. पण अंधारात पाठीमागून पावलं आली की कोणत्याही देशात बाईच्या पोटात गोळा येतो, तो आकडेवारी विचारून येत नाही. आणि सगळंच काही सोन्याचं नाही तिथं. लोकलच्या गर्दीत बायकांना काय सोसावं लागतं ते मी सकाळच्या गाडीत बघितलं होतं. २००१ पासून टोकियोच्या काही गाड्यांत बायकांचे वेगळे डबे ठेवावे लागले. आपल्या मुंबईत ते त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

तो बोळ संपला एका लहानशा देवळाच्या मागच्या भिंतीशी. भिंत कमरेएवढी, पलीकडे थडगी. प्रत्येक थडग्यामागे उंच लाकडी फळ्या उभ्या होत्या, वाऱ्यानं एकमेकींवर आपटून खडखड वाजत होत्या. त्यांना ‘सोतोबा’ म्हणतात. आपला ‘स्तूप’ शब्द चीनमार्गे तिथं जाऊन ‘सोतोबा’ झाला! खांबावरच्या दिव्याचा उजेड एका फळीवर पडला होता आणि तिच्यावर वरच्या टोकाला जपानी नसलेलं एक अक्षर होतं. ते सिद्धम् लिपीतलं, म्हणजे संस्कृत अक्षर होतं हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच वाटलं, हे कुठंतरी पाहिलंय. घरापासून हजारो मैलांवर, स्मशानाच्या भिंतीला टेकून मी देवनागरीची चुलत बहीण बघत होते आणि मला रडू फुटत होतं.

रडू कशाचं होतं, ते नीट सांगायला हवं. त्या भिंतीशी उभं राहून मी मरणाचा विचार करत नव्हते, चोराचाही फारसा नाही. डोळ्यांसमोर येत होता तो आमचा दिवाणखाना. ‘उद्या काही झालं म्हणजे?’ आणि त्यावर ट्रे खाली ठेवून ‘मी जबाबदार’ म्हणणाऱ्या सासूबाई. माझं काही बरंवाईट झालं असतं तर बोल मला लागला नसता, त्यांना लागला असता. आणि आमच्या घरातल्या धाकट्या नणंदेपासून पुढच्या सगळ्या मुलींचा पासपोर्ट त्या एका रात्रीत रद्द झाला असता. पुरुष वाट चुकला तर तो एकटा चुकतो. बाई चुकली की तिच्याबरोबर सात घरं चुकतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं?

म्हणूनच तर दार ठोठवायचं सुचूनही धीर होत नव्हता. दोन्ही बाजूंना घरं होती, एक-दोन खिडक्यांत उजेड होता. पण विचारायचं म्हणजे कबूल करायचं, की मी एकटी आहे आणि मला कुठं जायचं ते माहीत नाही. लहानपणापासून आपल्याला शिकवलेलं असतं, रस्त्यात ताठ चालावं, सगळं ठाऊक असल्यासारखं चालावं, अनोळखी माणसाशी बोलू नये. ताठ मी चालत होतेच! पाऊण तास ताठ चालले होते.

तेवढ्यात लांबून आवाज आला. टक्-टक्. दोन लाकडं एकमेकांवर आपटल्याचा, स्वच्छ, कोरडा. थोडं थांबून पुन्हा टक्-टक्. आणि मागोमाग चार-पाच माणसांची लांबलेली हाक, ‘हि नो योओ-जिन!’

आमच्या माहेरी रात्री गुरखा काठी आपटत जायचा. ती आपटली की आई म्हणायची, आला बाई गुरखा, आता झोपा. त्या आवाजानं माझे पाय आपोआप वळले.

‘हि नो योजिन’ म्हणजे आगीपासून सावध. टोकियोत वर्षाच्या शेवटच्या रात्री मोहल्ल्यातली माणसं पाळीपाळीनं अशी गस्त घालतात. लाकडाची घरं, खेटून बांधलेली. एकदा पेटलं की गावच्या गाव जायचं. १६५७ च्या आगीत जुनं एदो शहर बहुतेक जळून गेलं. १९२३ चा भूकंप तर १ सप्टेंबरला दुपारी बाराला दोन मिनिटं असताना झाला. घरोघर चूल पेटलेली, बायका दुपारच्या जेवणाच्या घाईत. लाखाच्या वर माणसं गेली, आणि बहुतेक भूकंपानं नाही, आगीनं. तेव्हापासूनची नव्हे, त्याच्याही आधीची ही गस्त. दिवसा कोटात बसणारे कारकून, दुकानदार, आज्या, रात्री जाड अंगरखे घालून, कागदी कंदील घेऊन फिरतात आणि आठवण करून देतात, बायांनो, गॅस बंद केलात ना?

वळणावर ते समोर आले. तीन म्हातारे, दोन बायका, दोन कंदील. मी समोर गेले आणि म्हटलं, “मिचि नि मायोइमाशिता.” वाट चुकले आहे. मजा बघा, हे वाक्य मी पुण्यात वर्गात निदान शंभर वेळा फळ्यावर लिहिलं असेल. ‘नि’ हा प्रत्यय इथं का येतो ते मुलांना समजावलं असेल. खरंखुरं ते मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं.

मी कागद पुढे केला. म्हाताऱ्यानं कंदील धरला, कागद वाचला, मान हलवली आणि शेजारच्याला दाखवला. त्यानंही मान हलवली. त्या भागात जन्म काढलेली माणसं, पण तीन आकड्यांवरून त्यांनाही चटकन घर सांगता येईना! मग त्यांतल्या ठेंगण्या बाईनं कागद बाजूला सारला आणि मला विचारलं, “कुणाकडे राहतेस?” मी ओबासानचं आडनाव सांगितलं. “अगंबाई, ती होय! परसात ‘काकी’चं झाड असलेली, जिचा मुलगा ओसाकाला आहे ती!” आणि सगळे एकदम बोलू लागले. घर तिथून तीन वळणांवर होतं. मी त्याच्याभोवती घिरट्या घालत होते.

तरी मला लगेच सोडलं नाही. त्यांच्या मंडळाची एक छोटी खोली जवळच होती, तिथं नेलं, रॉकेलच्या शेगडीपाशी बसवलं आणि हातात वाफाळता पेला दिला. पांढरं, दाट, गोड. वर आल्याचा रस. नाव विचारलं तर ‘आमाझाके’. शेवटी ‘झाके’ ऐकलं आणि मी पेला ठेवलाच खाली! साके म्हणजे दारू एवढं मला ठाऊक होतं. सासूबाईंची एक अट मोडलीच होती, आता दुसरी न घातलेली तरी पाळावी! ठेंगण्या बाई खो खो हसल्या. म्हणाल्या, हे आमची लहान मुलं पितात. भात शिजवायचा, त्यात ‘कोजी’ म्हणजे आंबवणासाठी तयार केलेला तांदूळ मिसळायचा आणि रात्रभर उबेत ठेवायचा. साखरेचा कणही नाही, गोडी तांदळातूनच उतरते. आपल्याकडे तांदळाची पातळ खीर असते ना, जराशी तशी चव. दुसरा पेलाही घेतला हो मी.

इतक्यात दारात सायकल थांबली. पोलीस! माझ्या छातीत धस्स झालं. पण त्याच्यामागे, जाड रुईभरल्या अंगरख्यात, लगबगीनं चालत ओबासान आल्या. अकरा वाजले तशा त्या कोपऱ्यावरच्या ‘कोबान’मध्ये गेल्या होत्या. कोबान म्हणजे पोलिसांची लहानशी चौकी, दारावर लाल दिवा, भिंतीवर वस्तीचा मोठा नकाशा. सबंध जपानात अशा सुमारे सहा हजार आहेत आणि त्यांतल्या पोलिसाचं निम्मं काम म्हणजे लोकांना घरं सापडवून देणं! ज्या देशात पोलिसालाही नकाशा भिंतीवर टांगून बसावं लागतं, तिथं परकी बाई चुकली यात नवल ते काय?

ओबासान रागावतील असं वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, “ओकाएरी.” आलीस. घरी परतलेल्या माणसाला म्हणतात तो शब्द. सकाळी निघताना आपण म्हणायचं ‘इत्ते किमासु’, म्हणजे शब्दशः ‘जाऊन येते’. अगदी आपल्यासारखंच, ‘जाते’ म्हणायचं नाही. आणि परतल्यावर ‘तादाइमा’, आले हो. मला त्या क्षणी ते काही म्हणता येईना.

रागावल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी. ‘ओशिन’ची वेळही बाजूला ठेवून मला बाहेर काढलं आणि स्टेशनपर्यंत नेलं. तिथून परत फिरवलं आणि प्रत्येक वळणावर उभं करून विचारू लागल्या, “इथं न हलणारं काय आहे, सांग.” मी म्हणे, संत्र्यांची खोकी. “ती रात्री आत जातात. दुसरं?” तेव्हा कुठं मला सार्वजनिक स्नानगृहाचं उंच धुराडं दिसलं, गावच्या पाण्याच्या टाकीसारखं कुठूनही दिसणारं. दुसऱ्या वळणावर झेल्कोव्हाचं जुनं झाड, तिथले लोक त्याला ‘केयाकी’ म्हणतात. तिसऱ्यावर दगडाचा जिझो, गळ्यात लाल दुपट्टं बांधलेला. हा मुलांचा आणि वाटसरूंचा राखणदार. आपल्या वेशीवरच्या मारुतीसारखा. बारा दिवस मी त्याच्यासमोरून गेले होते आणि संत्री बघत होते!

तुमच्या मुली आता शिकायला कुठं कुठं जातात. हातात मोबाइल असतो, त्यात नकाशा असतो, निळा ठिपका आपण कुठं आहोत ते दाखवतो. चांगलंच आहे. पण थंडीत त्याची बॅटरी भरभर उतरते आणि उतरली की त्यातला नकाशाही अंधारात. तेव्हा ‘रात्री बाहेर जाऊ नकोस’ हे तर आपण सांगतोच, आपल्या आयांनी सांगितलं म्हणून आपणही सांगतो. त्याच्या जोडीला, गेलीसच तर कुणाला विचारायचं, कुठल्या दारावर टकटक करायची, हेही सांगत चला. आणि नव्या जागी पहिल्याच रविवारी दिवसाउजेडी एकदा आणि अंधार पडल्यावर कुणाच्या तरी सोबतीनं एकदा, अशी वाट चालून बघायला सांगा. पत्ता तिथल्या लिपीत लिहून पर्समध्ये ठेवावाच, पण शेजारी घरमालकिणीचं नावही लिहावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओबासान मला घेऊन त्या पाचही जणांकडे गेल्या. प्रत्येकाकडे संत्र्यांची एक जाळी. तिथं उपकार अंगावर ठेवायचा नसतो. तिघांनी परत आम्हाला काहीतरी दिलं, मग त्याचीही परतफेड करावी लागली. फेब्रुवारीपर्यंत ते चाललं होतं. मात्र यामुळे त्या वस्तीत माझ्या चांगल्या ओळखी झाल्या आणि मी ‘इंदो-सान’ झाले, म्हणजे इंडियाबाई!

घरी पत्रात मी यातलं काही लिहिलं नाही. १९८५ साली परतल्यावरही कुणाला सांगितलं नाही. १९९१ मध्ये धाकट्या नणंदेला जर्मनीला जायचं निघालं आणि पुन्हा तोच दिवाणखाना, तोच खल. मामेसासरे तेव्हा नव्हते, पण त्यांचं वाक्य बोलणारे दुसरे होते. त्या दुपारी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले, जुडी ओढून घेतली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. शटरं, घंटा, दारुड्या, थडगी, गस्त, सगळं. अट मोडल्याचंही. त्या मान खाली घालून ऐकत होत्या, हात चालूच होता. संपल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता काय म्हणतात!

“त्या गस्तवाल्यांना चहाबिहा पाजलास का गं नंतर?”

“आई, संत्री नेऊन दिली ना. पाचही घरी.”

“मग बरं,” म्हणाल्या, आणि मेथीच्या काड्या सुपात गोळा करून उठल्या. दिवाणखान्याच्या दारापर्यंत गेल्या, तिथून वळून मला म्हणाल्या, “चहा टाक. आत सगळे बसलेत, मी बोलते त्यांच्याशी.”